अतिसार : पहिला उपचार घरीच

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळ वसलेले अणदूर हे तुळजापूर तालुक्यातील गाव खंडोबाच्या देवस्थानामुळे सर्वत्र परिचित आहे. आरोग्यक्षेत्रात त्याची आणखी एक ओळख आहे. डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने येथून परिसरातील खेड्यांमधील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षण दिले. प्राथमिक उपचाराचे ज्ञान गावातच, सामान्य स्त्रीच्या हाती असावे, हा या कार्यामागील विचार होय. अतिसाराच्या बाबतीत त्याचे मोल विशेष आहे. कारण दवाखाना गाठण्यापूर्वीचे तास घरातच जातात आणि रोग्याचे भवितव्य पुष्कळदा त्याच तासांत ठरते.

कारणे अनेक, धोका एक

जुलाब-उलट्यांची कारणे निरनिराळी असतात. लहान मुलांमध्ये रोटा विषाणू हे एक प्रमुख कारण आहे. त्यावरील लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. पटकीत भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब होतात. रक्त व शेंब पडत असल्यास हगवणीची शंका घ्यावी. लग्नकार्यात किंवा जत्रेत जेवल्यानंतर काही तासांतच अनेकांना एकदम उलट्या सुरू झाल्यास ती बहुधा अन्नातून झालेली विषबाधा असते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर घाण विहिरीत उतरते, फुटक्या नळात गटाराचे पाणी शिरते आणि साथीला वाट मिळते.

कारण कोणतेही असो, बहुतेक वेळा जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आतडे आजारी असतानाही साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी शोषून घेऊ शकते. जलसंजीवनीचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. १९७१ साली बनगाव येथील बांगला निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले आणि सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून असंख्य रुग्ण वाचविले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

घरी काय करावे?

ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होता कामा नये. ते अपायकारक ठरते. द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलास अर्धा ते एक पेला आणि प्रौढास हवे तितके द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे.

‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची रूढी घातक आहे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मोठ्या मुलास पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात द्यावा. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलास झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, याप्रमाणे चौदा दिवस द्यावी. जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नयेत.

दवाखाना केव्हा?

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत झाली, सहा तास लघवी झाली नाही, ग्लानी आली, पिणेच जमेना, शौचातून रक्त पडले, ताप चढला किंवा पोटात सतत तीव्र दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता रोग्यास दवाखान्यात न्यावे. वाटेतही द्रावण पाजत राहावे. मात्र रोगी शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही घालू नये.

पंचायतीची जबाबदारी

घरचा उपचार जीव वाचवितो. साथ रोखणे हे पंचायतीचे काम आहे. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडावे. शेवटच्या नळाच्या पाण्याची ऑर्थोटोलिडीन चाचणी घ्यावी. पाणी पिवळे झाले नाही, तर क्लोरीन तेथवर पोहोचले नाही असे समजावे. फुटलेल्या नळाची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वीच व्हावी. शिक्षकांनी हात धुण्याची सवय आणि द्रावणाची कृती मुलांना प्रत्यक्ष करून दाखवावी. शाळेत शिकलेली ही कृती मुलांमार्फत घरोघर पोहोचेल आणि अडीअडचणीला एखाद्या धाकट्या भावंडाचा प्राण वाचवील.