युद्धाचा आरंभ कोठे मानावा? साष्टीच्या मोहिमेचे उदाहरण

प्रसिद्ध लढायांचा वृत्तांत बहुधा पहिल्या तोफेपासून सांगितला जातो. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी पेटला हे खरे. परंतु मराठी छावणीची रसद तुटली तेव्हाच तो अटळ झाला होता. हा भेद ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने फार पूर्वी स्पष्ट केला. युद्धाचे कारण, त्याचे निमित्त आणि त्याचा आरंभ या तीन निरनिराळ्या गोष्टी होत, असे त्याचे प्रतिपादन आहे. रोम व कार्थेज यांच्या दुसऱ्या युद्धात सॅगुंटमचा पाडाव हा आरंभ होय, कारण नव्हे, असे तो म्हणतो. ही कसोटी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धास लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

या युद्धाचा उगम सामान्यतः मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहात दाखविला जातो. राज्यलोभी रघुनाथराव इंग्रजांस शरण गेला व त्यामुळे युद्ध ओढवले, असा त्याचा मथितार्थ. घटनाक्रम मात्र निराळेच सांगतो.

प्रथम कारण पाहू. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे घेऊन साष्टी बेट पोर्तुगीजांकडून जिंकले आणि १७३९ साली वसई घेतली. त्यानंतर मुंबईच्या चिंचोळ्या बेटाच्या उत्तरेस पुण्याचा अंमल सुरू झाला. भांडुप हे याच साष्टीच्या पूर्व किनाऱ्यावरील, ठाण्याच्या खाडीलगतचे गाव. म्हणजे मुंबई बंदराला लागून असलेल्या खाडीचा पश्चिम काठ मराठ्यांच्या हाती होता. बंदराची सुरक्षितता व महसूल या दोन्ही दृष्टींनी इंग्रजांस साष्टी हवी होती. १७७२ साली मॉस्टिन यास पुण्यास धाडण्यात आले, त्यामागेही साष्टी व वसई मिळविण्याचाच हेतू होता. ही आकांक्षा रघुनाथरावाच्या संकटाहून जुनी होय.

निमित्ते पुढे मिळाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म होताच रघुनाथरावाचा पक्ष दुबळा झाला. त्याने इंग्रजांकडे साहाय्य मागितले, तरी साष्टी व वसई देण्यास तो प्रथम राजी नव्हता. इतक्यात पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घेण्यास येत असल्याची वार्ता मुंबईस पोहोचली. १७७३ च्या नियामक कायद्यान्वये युद्धास कलकत्त्याची संमती आवश्यक होती; तातडीची निकड हा अपवाद होता. या वार्तेने तशी निकड दाखविता येत होती.

आरंभ झाला तो ठाण्यास. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कौन्सिलने डिसेंबर १७७४ मध्ये जनरल गॉर्डन याच्या हाताखाली फौज पाठविली. किल्ल्यावरील पहिला प्रयत्न मराठ्यांनी परतविला. परंतु २८ डिसेंबर रोजी किल्ला पडला आणि आतील शिबंदीपैकी बहुतेकांची कत्तल झाली. आरमाराचा अधिकारी वॉटसन हाही या वेढ्यात प्राणघातक जखमी झाला. लवकरच सारी साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली.

यावरून सुरतेच्या तहाचे स्वरूप पालटते. साष्टीपुरता तरी तो आक्रमणाचा पाया नसून, आधीच झालेल्या आक्रमणास मिळालेली संमती ठरतो. अडासची लढाई १८ मे १७७५ रोजी झाली, तेव्हा भांडुपसारख्या गावांवरील अंमल बदलून साडेचार महिने लोटले होते. पुढे कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तरीही साष्टी परत दिली नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहानेही ती इंग्रजांकडेच ठेवली. रघुनाथराव पेशवेपदाला कायमचा मुकला. साष्टी मात्र सुटली नाही.

रघुनाथरावाचा दोष याने कमी होत नाही. परंतु आरंभाची तिथी मार्चऐवजी डिसेंबर मानली, म्हणजे उत्तरदायित्वाची वाटणी बदलते. तिथी ठरविणे हे केवळ गणनेचे काम नव्हे. त्यात इतिहासकाराचा न्याय अंतर्भूत असतो. म्हणून कोणत्याही युद्धाच्या अभ्यासकाने तहांच्या कलमांबरोबर नकाशा आणि दिनक्रम हेही शेजारी ठेवावेत.