अंगठा धावतो, पाय मात्र घरीच!

वाचकहो, पहाटे साडेपाचला दिंडोरीहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर जरा उभे राहून पाहा. द्राक्षांचा हंगाम असेल तर मजुरांनी भरलेल्या पिकअप गाड्या बागांकडे निघालेल्या असतात. रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे धापा टाकीत पळत असतात. आणि आमच्यासारखी चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली मंडळी? ती अंथरुणात असतात, पण झोपलेली नसतात. उशाचा मोबाईल हाती घेऊन ‘सुप्रभात’ची फुले इकडून तिकडे ढकलीत असतात. पाय जागेवर आणि अंगठा धावतो आहे, अशीच आमची पहाट कित्येक वर्षे उजाडत होती.

हे आम्ही दुसऱ्या कुणावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरात घडले, ते सांगतो.

शाबासकी कुणाला दिली?

२०१७ सालची गोष्ट. आपल्या दिंडोरी तालुक्यातील पिंपळगाव केतकीची मोनिका आथरे लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉन धावली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. दिंडोरीहून नाशिकला पायी जाऊन परत निघावे आणि जवळजवळ घर गाठावे, एवढे अंतर! आम्हाला कोण आनंद झाला! ‘दिंडोरीची लेक, आमचा अभिमान’ असे लिहून तिचा फोटो आम्ही व्हॉट्सॲपच्या सात ग्रुपवर धाडला.

त्याच दिवसांत आमची स्वतःची लेक आठवीत होती. ती चांगली पळते, सकाळी सरावाला पाठवा, असा निरोप तिच्या सरांनी दिला होता. आम्ही नाही म्हणालो. अंधार असतो, गाड्या सुसाट येतात, शिवाय लोक काय म्हणतील? पोरीने आईच्या मोबाईलवर आमचा संदेश वाचला आणि विचारले, “पप्पा, ही दिंडोरीची लेक पळते तेव्हा अंधार नसतो का?”

आम्ही म्हणालो, “अभ्यास कर.”

आमची भीती खोटी नव्हती. त्या रस्त्यावर चालणाऱ्या कुणालाही ती कळेल. पण त्या भीतीवर एक साधा उपाय होता. बापाने उठून तिच्याबरोबर जायचे! तो आम्हाला सुचला नाही, कारण त्यासाठी अंथरूण सोडावे लागले असते. परक्याच्या लेकीला शाबासकी द्यायला एक अंगठा पुरतो.

कॅमेरा नंतर आला

ज्यांची नावे आपण आज अभिमानाने घेतो, त्यांच्या पहाटे कुणी टिपल्या होत्या? आपल्याच जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. मग जगाने तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर पोटापाण्यासाठी सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचेनच्या बर्फात नोकरी केली आणि धावण्याकडे वळला तो त्यानंतर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. या दोघांच्याही बाबतीत टाळ्या वाजल्या त्या फार उशिरा. आधीची सारी वर्षे बिनटाळ्यांची होती.

आमची पहिली धाव

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आम्हाला साखर वाढल्याचे सांगितले. त्याच सुमारास लेकीने पोलीस भरतीचे ठरवले आणि म्हणाली, “पप्पा, आता तरी येता का बरोबर?” या वेळी नाही म्हणायला तोंड नव्हते.

पहिल्या दिवशी विजेचा एक खांब धावलो आणि दोन खांब चाललो. घरी येताच घामाघूम फोटो ग्रुपवर टाकला. त्रेसष्ट अंगठे आले! दुपारपर्यंत कचेरीत आम्ही तेच मोजत बसलो. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, गेलो नाही. एका स्नेह्यांनी विचारले, “आज किती झाले?” आम्ही लिहिले, “तीन किलोमीटर.” वाचकहो, उभ्या आयुष्यात हिशेबात खोटा आकडा लिहिला नाही, तो तिथे लिहिला! लेकीने पाहिले आणि एवढेच म्हणाली, “पप्पा, भरतीच्या मैदानावर अंगठे चालत नाहीत, सेकंद चालतात.”

खरेच आहे. तिथे मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे ५० गुण असतात. सेकंद वाढले की गुण घटतात. त्या दिवसापासून आम्ही फोटो टाकणे बंद केले आणि वहीत तारीख व अंतर लिहू लागलो. त्या वहीत कोरे दिवसही आहेत.

वेळेचा जमाखर्च

‘वेळ कुठे आहे?’ हा आपला नेहमीचा सवाल. मोबाईलच वापराचे तास दाखवतो. आमचे निघाले रोज तीन तास दहा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, झपझप चालणेही त्यात आले. म्हणजे दिवसाला बावीस मिनिटेसुद्धा पडत नाहीत. खर्च कुठे कापायचा, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

पण या जमाखर्चात एक खाते आम्ही विसरलो होतो. आम्ही दोघे पळून येईपर्यंत घरात पाणी भरणारी, डबे करणारी कोण? एके दिवशी सौ. म्हणाली, “तुम्ही तब्येत कमवा, मी पोळ्या लाटते.” लागले मनाला. आता रात्रीच भाजी चिरून ठेवतो, सकाळी कणीक आम्ही मळतो आणि सौ. आमच्याबरोबर चालायला येते. पहिल्या आठवड्यातल्या पोळ्या कशा झाल्या, ते विचारू नका!

लेक पहिल्या भरतीत मैदान पास झाली, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. पुन्हा तयारी सुरू आहे. ती पुढे निघून जाते, आम्ही मागून खांब मोजीत येतो. आठवीत तिला अडवले नसते तर ती आज कुठे असती, हा प्रश्न रोज त्या रस्त्यावर भेटतो. त्याला उत्तर नाही.

म्हणून वाचकहो, एकच विनंती. आपल्या घरात एखादी आठवीतली मुलगी पळायला जाते म्हणत असेल, तर उद्या पहाटे मोबाईल उशालाच राहू द्या. पायात चपला-बूट जे असेल ते घाला आणि तिच्याबरोबर दाराबाहेर पडा.