जुनं खरेदीखत वाचताना : १६३६ चा एक दस्त

गावाकडचं एखादं खरेदीखत तुम्ही हाताळलं असेल, तर वसाहतकाळातला अमेरिकन दस्त फार परका वाटणार नाही. लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, चतुःसीमा, साक्षीदार, सगळं ओळखीचं. खरी अडचण तिथेच आहे, कारण ओळखीचं वाटलं की आपण भराभर वाचतो.

१५ जुलै १६३६ चा स्प्रिंगफील्डचा (मॅसॅच्युसेट्स) दस्त घ्या. विल्यम पिंचन आणि त्याच्या साथीदारांनी अगावाम लोकांकडून कनेटिकट नदीकाठची जमीन घेतली. मोबदल्यात शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा १८ वाव, शिवाय कोट, कुऱ्हाडी, कुदळी, सुऱ्या, प्रत्येकी १८. जमीन 'कायमची' दिली असंही लिहिलंय. इथे थांबलात तर साधी विक्री झाली असं वाटेल. पण पुढे वाचा. पेरलेली जमीन (दस्तात त्यांच्याच भाषेतला 'कॉटिनाकीश' हा शब्द आहे) त्यांच्याकडेच राहील. मासे, हरणं, अक्रोड, ओकची फळं घ्यायची मुभा राहील. इंग्रजांच्या गुरांनी मका तुडवला तर भरपाई मिळेल.

मग विकलं तरी काय? विल्यम क्रोनन यांनी 'चेंजेस इन द लँड' (१९८३) मध्ये हाच दस्त घेऊन दाखवलंय की मूळ रहिवासी जमिनीच्या वापराचे हक्क देत होते, आणि इंग्रज मात्र मालकी घेतली असं समजत होते. मला हे वाचन पटतं. मात्र एक लक्षात असू द्या : दस्त लिहिला इंग्रजांनी, इंग्रजी कायद्याच्या चौकटीत. समोरच्याचं म्हणणं त्यात दुभाष्यामार्फत, गाळून आलंय.

आता थोडं तांत्रिक. नोंदवहीत तुम्हाला दिसते ती बहुधा कारकुनाने उतरवलेली नक्कल असते. मूळ कागद मालकाकडे परत जायचा. त्यामुळे वहीतली सही किंवा निशाणी बघून कोणाला लिहिता येत होतं, असले निष्कर्ष काढू नका. 'पाच शिलिंग' असा मोबदला वारंवार दिसला तर तो बाजारभाव धरू नका, तो अनेकदा निव्वळ कायदेशीर उपचार असतो.

तारखांचंही बघा. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. एकाने १० एप्रिल १७२० ला जमीन घेतली आणि ५ फेब्रुवारी १७२० ला विकली असं दिसलं, तर ती बनवाबनवी नाही. आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी १७२१ चा. (हे उदाहरण समजावण्यापुरतं.)

एवढी कीस कशाला काढायची, असं कोणी विचारेल. १७९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ओनायडा लोकांकडून सुमारे १,००,००० एकर जमीन घेतली. अशा व्यवहाराला संघराज्याची मंजुरी कायद्याने लागायची, ती नव्हती. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओनायडांचा दावा ऐकण्याजोगा ठरवला, तब्बल १९० वर्षांनी! २००५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, परत विकत घेतलेल्या जमिनीवर त्यांना करमुक्त सार्वभौमत्व नाकारलं. एक कारण दिलं, फार काळ लोटला.

सराव करायचा असेल तर फॅमिलीसर्चवर अनेक काउंट्यांच्या नोंदवह्यांची पानं मोफत बघता येतात. एकच दस्त निवडा, मूळ स्पेलिंगसकट पूर्ण उतरवून काढा, आणि देणाऱ्याने स्वतःकडे काय राखून ठेवलं ते आधी शोधा.