भात लावणीचे पहिले दिवस आणि उष्माघात

जून महिन्यात पंजाब व हरियाणात भात लावणीस प्रारंभ होतो आणि बिहार व उत्तर प्रदेशातील मजूर तेथे येतात. उष्माघाताचा धोका कामाच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो.

श्रमामुळे शरीरात निर्माण होणारी उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. पाणी भरलेल्या शेतातील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही व शरीराचे तापमान वाढत जाते. उष्ण हवेत काम करण्याची सवय झाल्यावर घाम लवकर येतो, त्यातील क्षार कमी होतात आणि हृदयावरील ताण घटतो. या अनुकूलनास ७ ते १४ दिवस लागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार, नवख्या मजुरास पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या २० टक्केच काम द्यावे व ते रोज २० टक्क्यांनी वाढवावे. अनुभवी मजुराने खंडानंतर ५० टक्क्यांपासून सुरुवात करावी. एकरी दराने मजुरी मिळत असल्यास मजूर विश्रांती टाळतात. म्हणून तिची वेळ शेतमालकानेच ठरवून द्यावी. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी द्यावे.

असंबद्ध बोलणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत; घाम येत असला तरी ती दुर्लक्षू नयेत. रुग्णास सावलीत नेऊन अंगावर सतत पाणी ओतावे, वारा घालावा व तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.