२९,९७८ मतांचे कोडे

दक्षिण कोरियातील एमनेट वाहिनीने २०१६ मध्ये 'प्रोड्यूस १०१' ही मालिका सुरू केली. गाणे आणि नाच शिकणाऱ्या १०१ उमेदवार मुलींमधून ११ जणींचा गट निवडायचा आणि निवड परीक्षकांनी नव्हे तर प्रेक्षकांनी करायची, अशी तिची रचना होती. प्रेक्षकांना कार्यक्रमात 'राष्ट्रीय निर्माते' म्हटले जाई. एमनेट ही सीजे ईएनएम या बड्या मनोरंजन कंपनीची वाहिनी. निवडलेल्या गटाची गाणी, मैफली आणि जाहिराती यांतून कंपनीला पुढे कमाई होत असल्याने निकाल हा तिच्यासाठी नुसता खेळ नव्हता.

पडद्यामागच्या कुरबुरी पहिल्यापासून होत्या. कोणाला कॅमेऱ्यासमोर किती वेळ मिळतो, कोणाचे बोलणे कापून तिला उर्मट ठरवले जाते, यावर चाहते वाद घालत. तरी मते खरी असतात, यावर बहुतेकांचा विश्वास होता. तो चौथ्या पर्वात, 'प्रोड्यूस एक्स १०१' मध्ये उडाला.

या पर्वाची अंतिम फेरी १९ जुलै २०१९ रोजी झाली. पहिल्या क्रमांकाला १३,३४,०११ मते होती, दुसऱ्याला १३,०४,०३३, फरक २९,९७८. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत नेमका तेवढाच फरक. सहाव्या-सातव्यात तोच, सातव्या-आठव्यातही तोच. चाहत्यांनी आकडेमोड केली, तेव्हा जाहीर झालेली मते ७,४९४.४४२ या एकाच संख्येच्या पटीत बसू लागली. पहिला क्रमांक म्हणजे तिची १७८ पट, दुसरा १७४ पट. लाखो माणसे स्वतंत्रपणे मत देतात, तेव्हा आकडे इतके शिस्तीत उभे राहत नाहीत. टक्केवारी पूर्णांकित करून मते पुन्हा मोजल्याने हे झाले, क्रम मात्र बरोबर आहे, असा खुलासा वाहिनीने केला. पाणी कुठेतरी मुरते आहे, हे त्यातून उलट ठळक झाले. खासदार हा ते-कुंग यांनी हा प्रश्न लावून धरला, जुलैअखेर पोलिसांनी वाहिनीच्या कार्यालयावर छापा टाकला आणि पाठोपाठ चाहत्यांनी फिर्यादही दिली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्माते आन जुन-यंग आणि त्यांचे वरिष्ठ किम योंग-बम यांना अटक झाली. तपासातून निघालेले सत्य चाहत्यांच्या संशयापेक्षा मोठे होते. शेवटच्या दोन पर्वांत विजेते गट मतदानाआधीच ठरले होते आणि आकडे त्यांच्याभोवती रचले गेले होते. पहिल्या दोन पर्वांतही मधल्या फेऱ्यांचे वा अंतिम निकाल फिरवलेले होते. काही कलाकार-कंपन्यांच्या लोकांनी आन यांना सोलच्या गंगनम भागातील महागड्या मद्यालयांत वारंवार मेजवान्या दिल्याचेही सिद्ध झाले. मोबाइल संदेशाने दिलेल्या मताला १०० वोन पडत. रक्कम क्षुल्लक, पण ती घेऊन मत मोजलेच नाही, म्हणून व्यवसायात अडथळा आणण्याबरोबर फसवणुकीचाही आरोप टिकला.

मे २०२० मध्ये आन यांना दोन वर्षांची कैद आणि सुमारे ३ कोटी ७० लाख वोन भरण्याचा आदेश झाला; किम यांना एक वर्ष आठ महिने. नोव्हेंबरमध्ये सोल उच्च न्यायालयाने या शिक्षा कायम केल्या आणि डावलल्या गेलेल्या १२ स्पर्धकांची नावे निकालात जाहीर केली. त्यांत 'प्रोड्यूस ४८' या तिसऱ्या पर्वातील ली गा-उन होत्या. चाहत्यांच्या मतांनी त्या पाचव्या आल्या होत्या. पडद्यावर त्यांना चौदावे स्थान मिळाले आणि गटातील जागा गेली. ज्यांना फायदा झाला, त्यांची नावे न्यायालयाने उघड केली नाहीत. आपले आकडे बदलले गेल्याचे त्यांना ठाऊक नसेल, मग निर्मात्यांच्या पापाचा राग त्यांच्यावर निघेल, ही भीती होती. हा संयम योग्यच म्हणावा लागेल.

तरीही झळ कलाकारांनाच अधिक लागली. चौथ्या पर्वातून निवडलेला, पाच वर्षांच्या करारावर उभा राहिलेला 'एक्स वन' हा मुलांचा गट ऑगस्ट २०१९ मध्ये प्रेक्षकांसमोर आला आणि ६ जानेवारी २०२० रोजी मोडला. अकरा तरुण पुन्हा आपापल्या कंपन्यांच्या दारात गेले. सीजे ईएनएमच्या प्रमुखांनी त्याआधी, डिसेंबरअखेर, जाहीर माफी मागून नुकसानभरपाईचे आश्वासन दिले होते. नंतरच्या अशा कार्यक्रमांत वाहिनीने मतमोजणी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेण्याची पद्धत आणली.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षांवर शिक्कामोर्तब केले. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या आन यांना त्याच कंपनीने पुन्हा नोकरीवर घेतल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि वाहिनीला आणखी एकदा माफी मागावी लागली.