ऑप्शन फॉर्म मुलीच्या हाती द्या

गैरसमज: कॉलेजांची यादी भरताना ‘मिळण्यासारखं’ कॉलेज वर टाकावं, नाहीतर हातचंही जातं.

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत जागा मेरिटप्रमाणे दिल्या जातात. मुलीचा नंबर आला की आधी तिचा पहिला पर्याय तपासला जातो. तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजवरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. महागात पडते ती उलटी चूक. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. सायबर कॅफेत मात्र दृश्य ठरलेलं: चालक गेल्या वर्षीचा कटऑफ बघून भराभर कोड टाकतोय, वडील मान डोलावताहेत, मुलगी मागे गप्प उभी. चार वर्षं शिकायचंय तिला! कॉम्प्युटर हवं की सिव्हिल, गाव सोडायची तयारी आहे का, हे आधी घरी निवांत बसून तिला विचारा आणि क्रम तिलाच लावू द्या.

गैरसमज: सीईटीत नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के.

नाही. शंभरातल्या नव्वद जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या मुलाच्या बारावीच्या टक्क्यांशी त्याची तुलना करून पोरीला बोलू नका.

गैरसमज: सायन्स घेतलं नाही तर पुढे काही उरत नाही.

पाच वर्षांचं लॉ, सीएची फाउंडेशन परीक्षा, एनडीएची भूदल शाखा या तिन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला तर पदवी कोणतीही चालते. मात्र आर्किटेक्चरला गणित लागतंच, तेव्हा अकरावीत विषय सोडण्याआधी पात्रतेच्या अटी वाचा. ‘बीबीए, बीसीएला काय, जाऊन नाव घालायचं’ हेही आता जुनं झालं. महाराष्ट्रात 2024-25 पासून त्यांनाही सीईटी आहे, आणि अर्जाची तारीख चुकल्याचं अनेकांना निकालानंतरच कळतं.

गैरसमज: खासगी कॉलेजची फी आपल्याला झेपणार नाही, मुलीला साधं बी.ए. करू दे.

बी.ए. तिला आवडत असेल तर जरूर करू दे. पण कारण फक्त फी असेल तर थांबा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य सरकार भरतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजही त्यात येतं. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा; मॅनेजमेंट कोट्यातली जागा किंवा खासगी अभिमत विद्यापीठ असेल तर सवलत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जूनमध्ये तहसीलला झुंबड उडते, म्हणून तो अर्ज आधीच करून ठेवा.