‘हे खरे आहे काय?’ : उपप्रश्नाची सव्वाशे वर्षं

महाराष्ट्र विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. अमुक तालुक्यातली पाणीपुरवठा योजना रखडली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचा साचाही तितकाच मुरलेला : ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि सगळ्यांत शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. हे उत्तर खात्यात लिहिलं जातं, टेबलाटेबलांवरून फिरतं आणि टोकं बोथट होऊन मंत्र्याच्या हाती येतं. मंत्र्याची परीक्षा त्यानंतर सुरू होते. सभासद उपप्रश्न विचारतो, आणि अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी येईपर्यंत मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर उभं राहावं लागतं.

हा अधिकार सहजी मिळालेला नाही. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांत प्रश्न विचारायची सोयच नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती आली, पण तीही हातचं राखून. आगाऊ सूचना द्यायची, सरकार देईल ते उत्तर ऐकायचं आणि खाली बसायचं. त्यावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये केंद्रीय कौन्सिलात गेले ते या चौकटीत. प्रश्नाची वाट एवढी अरुंद असल्याने त्यांनी वर्षातून एकदा होणाऱ्या अर्थसंकल्पावरच्या चर्चेचं हत्यार केलं. सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडून मिठावरचा कर गरिबाला किती जड जातो, हे त्यांनी दाखवलं. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर पुढे टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा दिली. १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. प्रश्न एकाचा आणि पाठलाग अनेकांचा, ही आजची पद्धत तिथून सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाच्या या हत्याराची पहिली बदनामी मुंबईच्या एका सभासदाने केली. हंगामी संसदेतले एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू लावून धरली, असं १९५१ मध्ये उघड झालं. चौकशीचा प्रस्ताव खुद्द नेहरूंनी मांडला. समितीने दोषी ठरवल्यावर मुद्गल यांनी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते, अशी नोंद सभागृहाने केली. या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी.

सहाच वर्षांनी हेच कृष्णम्माचारी अर्थमंत्री म्हणून प्रश्नांच्या माऱ्यात सापडले. राष्ट्रीयीकरणातून नव्याने उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळाने कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले होते. सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंह यांनी लोकसभेत याबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर गोलमोल मिळालं. नोव्हेंबरमध्ये प्रश्न पुन्हा आला, उपप्रश्न सुरू झाले आणि सरकारी उत्तरांतल्या फटी दिसू लागल्या. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी सगळा व्यवहार सभागृहापुढे उलगडून ठेवला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, शिवाय पंतप्रधानांचे जावई.

सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. गर्दी एवढी झाली की बाहेरच्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. सचिवाने परस्पर केलं, हा बचाव छागलांनी मानला नाही. खात्याच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा निर्वाळा त्यांनी दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

पण दर प्रश्नामागे मंत्री पडत नसतो. ‘तपासून पाहू’, ‘माहिती घेऊन सांगू’ यावरच बहुतेक वेळा भागवलं जातं. अशा शब्दांचा हिशेब ठेवायला लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळात, १९५३ मध्ये, शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. सभागृहात दिलेलं आश्वासन तिच्या वहीत चढतं आणि पुरं होईपर्यंत पाठ सोडत नाही.

विचारणारा कधीकधी उत्तर देणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो. राजापूरमधून १९७१ पासून लोकसभेत गेलेले मधु दंडवते कोकण रेल्वेसाठी विरोधी बाकांवरून सरकारच्या मागे लागले होते. १९७७ मध्ये तेच रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचा फोम आला, तो त्यांच्या कारकिर्दीत. कोकण रेल्वे महामंडळ मात्र १९९० मध्ये स्थापन झालं, आणि तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते.

मुद्गल प्रकरणाची आठवण २००५ च्या डिसेंबरात ताजी झाली. छुप्या कॅमेऱ्यापुढे प्रश्नांसाठी पैसे घेणारे अकरा खासदार पडद्यावर दिसले. त्यांत जळगाव आणि एरंडोल या महाराष्ट्रातल्या दोन मतदारसंघांचे खासदार होते. पंधरवड्याच्या आत अकराही जणांची हकालपट्टी झाली.

लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत असतात. प्रश्नोत्तराच्या तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते बहुधा चार-पाच. बाकीच्यांची उत्तरं लेखीच मिळतात. गोंधळात तास वाहून गेला, तर तेवढेही पोचत नाहीत. १९६२ च्या चीन युद्धात आणि आणीबाणीत हा तास बाजूला ठेवला गेला होता. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन तो पुन्हा रद्द झाला. लेखी प्रश्न आणि लेखी उत्तरं तेवढी चालू राहिली. उपप्रश्नापुरते खासदार १८९२ मध्ये जाऊन पोचले.

त्याच अधिवेशनात, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असं लोकसभेत विचारलं गेलं. अशी आकडेवारी ठेवली जात नाही, असं कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं. मग भरपाईचं काय? प्रश्न उद्भवत नाही. मे महिन्यात औरंगाबादजवळ करमाडच्या रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली सापडून गेले, त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सरकारकडे या सोळांची नोंद कशी नाही, हे मंत्र्याला समोरासमोर विचारायला तास नव्हता.

२०२१ मध्ये प्रश्नोत्तराचा तास परतला, तरी लेखी उत्तराची तऱ्हा तीच राहिली. त्या २० जुलैला राज्यसभेला लेखी सांगण्यात आलं, की ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याची स्वतंत्र नोंद राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी कळवलेली नाही. हे उत्तर आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं होतं. त्या तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. तीनच महिन्यांपूर्वी नाशिक महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा दाब घसरला होता आणि २२ रुग्ण दगावले होते. तो अपघात, तुटवडा नव्हे, असा भेद कागदावर करता येतो. उत्तराची भाषा अशाच भेदांवर उभी होती : राज्यांनी कळवलं नाही, म्हणून केंद्राकडे नोंद नाही. मग केंद्राने राज्यांना विचारलं तरी होतं का, हा उपप्रश्न सभागृहाबाहेर देशभर विचारला गेला. जुलै संपता संपता केंद्राने राज्यांकडे हे आकडे मागितले.